गाडीला लगाम कुणी घातला?

गेल्या हिवाळ्यात पुणे जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत यंत्रे आणि ऊर्जा या विषयावर बोलण्यासाठी गेलो होतो. व्याख्यान संपले. "कुणाला काही विचारायचे आहे का?" असे मुख्याध्यापकांनी विचारले आणि नेहमीप्रमाणे वर्ग गप्प बसला. मग शेवटच्या बाकावरचा दहावीतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या थोरल्या भावाचा टेम्पो आहे. टोमॅटोचे क्रेट भरून तो रात्री माळशेज घाटाने वाशीच्या बाजाराला जातो.

"सर, दादाचा टेम्पो ऐंशीच्या पुढे जातच नाही. रिकामा असला, रस्ता मोकळा असला तरी नाही. इंजिनात ताकद आहे, पण कंपनीनेच ती आवळून ठेवली आहे, असे दादा म्हणतो. एक गॅरेजवाला लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात ते लिमिटर काढून देतो. मोटारींचेही काढतो. सर, लिमिटर काढले तर इंजिन खराब होते का?"

मी म्हणालो, "ते बेकायदा आहे. काढू नये." मुलगा "बरं सर" म्हणून खाली बसला.

परतीच्या एस.टी.त माझ्या लक्षात आले की, मुलाने प्रश्न विचारला होता इंजिनाविषयी आणि मी उत्तर दिले होते कायद्याविषयी. विज्ञानाचा शिक्षक म्हणवणाऱ्याने असे करू नये. कायदा आहे हे त्या मुलालाही ठाऊक होते. तो का आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. म्हणून त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे देत आहे. ते थोडे लांबले आहे, आणि त्यात थोडे गणितही आहे. वही-पेन्सिल घेऊन बसावे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. यंत्राला कारखान्याने घातलेली मर्यादा ही काही देववाणी नव्हे. ती कुणा तरी अभियंत्याने, काही कारणाने, कागदावर आकडेमोड करून ठरविलेली असते. ते कारण विचारण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. मात्र कारण समजण्यापूर्वीच स्क्रू पिळण्याचा अधिकार कुणालाही नाही, असे माझे मत आहे. या लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे.

यंत्राला लगाम घालण्याची कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १७८८ साली जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसविला. ही युक्ती त्याच्याही आधी पवनचक्कीवरच्या दळणाच्या जात्यांसाठी वापरात होती. इंजिनाबरोबर एक उभा दांडा फिरतो. त्याला बिजागरीने दोन जड गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात व वर उचलले जातात, आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटतो. वेग कमी झाला की गोळे खाली येतात व झडप उघडते. माणसाने हात न लावता यंत्र स्वतःला सावरते. या साध्या दिसणाऱ्या साधनाने पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञालाही विचारात पाडले आणि १८६८ साली त्याने गव्हर्नरांवर एक शोधनिबंध लिहिला. स्वयंचलित नियंत्रणाच्या शास्त्राचा पाया ज्या लिखाणांनी घातला, त्यांत त्याची गणना होते.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून विहिरीवर डिझेल इंजिने आली, त्यांवरही गव्हर्नर असतो. आमच्या चुलत्यांच्या मळ्यात असे एक इंजिन होते. एका उन्हाळ्यात जास्त पाणी यावे म्हणून चुलत्यांनी गव्हर्नरची स्प्रिंग आवळली. पाणी थोडे वाढले, डिझेल मात्र फार खपू लागले. का? फिरत्या पंपाचा वेग दहा टक्क्यांनी वाढविला तर पाणी साधारण दहा टक्क्यांनी वाढते; पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३. दहा टक्के पाण्यासाठी तेहतीस टक्के जादा शक्ती! चुलत्यांनी हे गणित केले नव्हते. डिझेलच्या डब्याने ते करून दाखविले. यंत्राच्या जगात वेग एकपटीने वाढला की किंमत वर्गाने किंवा घनाने वाढते, हे सूत्र येथेच मनात धरून ठेवा.

आता मोटारीकडे वळू. मोटारीत दोन निरनिराळे लगाम असतात. लोक त्या दोघांनाही 'लिमिटर' म्हणतात आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. पहिला लगाम इंजिनाच्या फेऱ्यांवर असतो आणि दुसरा गाडीच्या वेगावर.

फेऱ्यांचा लगाम आधी पाहू. पूर्वीच्या काही मोटारींत तो अगदी साधा यांत्रिक असे. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या फिरत्या रोटरमध्येच स्प्रिंगने धरलेला एक लहानसा तुकडा बसविलेला असे. फेरे मर्यादेबाहेर गेले की तो बाहेर फेकला जाई आणि ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी परस्पर जमिनीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जाई. आजच्या मोटारीत क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असते, त्याचे दाते मोजणारा एक संवेदक असतो आणि इंजिनाचा संगणक त्यावरून दर मिनिटाचे फेरे काढतो. आकडा ठरावापलीकडे गेला की संगणक बहुधा इंधन थांबवितो. ठिणगी बंद करून इंधन चालू ठेवले, तर न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरकावर जाऊन जळते आणि तो महागडा भाग भाजून निघतो. म्हणून इंधनच तोडणे बरे.

पण मर्यादा मुळात का? समजा, एका चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ८ सेंटिमीटर वरखाली जातो. म्हणजे क्रँकची त्रिज्या ४ सेंटिमीटर झाली. कड्या व पिनसह दट्ट्याचे वस्तुमान ४०० ग्रॅम धरू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करीत आहे, म्हणजे सेकंदाला १००. एका सेकंदात हा दट्ट्या दोनशे वेळा पूर्ण थांबतो आणि दोनशे वेळा पुन्हा पळू लागतो. कोनीय वेग झाला सेकंदाला सुमारे ६२८ रेडियन. त्याचा वर्ग करून ०.०४ मीटरने गुणा. टोकाशी दट्ट्याचे त्वरण सुमारे १५,८०० मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सोळाशे पट! मुठीत मावणाऱ्या त्या ४०० ग्रॅमच्या तुकड्याला वळविण्यासाठी ६,३०० न्यूटनहून अधिक बल लागते. जणू कनेक्टिंग रॉडला ६४५ किलो वजन टांगले आहे. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे वरच्या टोकाला हे बल प्रत्यक्षात पाव ते एक तृतीयांश हिश्शाने आणखी जास्त असते. ते आपण तूर्त सोडून देऊ.

आता फेरे ७००० करा. फेरे वाढले सतरा टक्क्यांनी. बल वाढले छत्तीस टक्क्यांनी आणि टांगलेले वजन झाले सुमारे ८८० किलो. ८००० करा. वजन झाले साडेअकराशे किलोच्या आसपास. रॉड तोच, त्याचे बोल्ट तेच.

दुसरी अडचण झडपांची. ६००० फेऱ्यांना प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते व मिटते. कॅम तिला ढकलून उघडतो. मिटण्यासाठी मात्र बहुतेक इंजिनांत केवळ स्प्रिंगचाच आधार असतो. फेरे फार वाढले की स्प्रिंग कॅमच्या मागोमाग धावू शकत नाही आणि झडप अधांतरी तरंगते. अनेक इंजिनांची रचना अशी असते की, वर येणारा दट्ट्या त्या उघड्या झडपेवर जाऊन आदळतो.

येथे गॅरेजवाल्याचे एक आवडते वाक्य तपासून पाहू. "पाचशे फेरे वाढवले तर काही होत नाही. इतक्या गाड्यांना करून दिले, एकही बंद पडली नाही." हे वाक्य खोटे नसेलही. पण धातूला थकवा येतो. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकविली तर ती तुटते, पहिल्या वाकण्याने तुटत नाही. ६००० फेऱ्यांनी तासभर चाललेल्या इंजिनात रॉडला ३ लाख ६० हजार वेळा ओढ बसते. प्रत्येक ओढ थोडी वाढविली, तर तो किती ओढींनंतर तुटेल हा आकडा पुष्कळ खाली येतो. म्हणजे गाडी गॅरेजमधून धडधाकट बाहेर पडते आणि हिशेब काही हजार किलोमीटरनंतर, भलत्याच जागी, चुकता होतो. "काही झाले नाही" आणि "अजून काही झाले नाही" या दोहोंतील फरक ओळखणे म्हणजेच वैज्ञानिक दृष्टी.

या लगामाची एक कमतरताही माहीत असावी. तो फक्त इंधन तोडू शकतो. गाडी वेगात असताना चालकाने चुकून पाचव्या गिअरमधून एकदम दुसरा टाकला, तर चाकेच इंजिनाला ओढून नेतात. इंधन बंद असले तरी फेरे मर्यादेच्या पार जातात आणि संगणक काही करू शकत नाही. वेगाच्या लगामाचेही तसेच. माळशेजच्या उतारावर गाडी ओढते ती पृथ्वी, आणि पृथ्वीचे इंधन कोणताही लिमिटर तोडू शकत नाही. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरणारा चालक इंजिनाची रोखही गमावतो. मग सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात.

आता त्या मुलाच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. टेम्पोचा ८० चा लिमिटर काढला तर इंजिन खराब होते का?

प्रामाणिक उत्तर असे की, बहुधा होत नाही. ताशी ८० किलोमीटरला, वरच्या गिअरमध्ये, टेम्पोचे डिझेल इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या खालीच असते. त्याचा फेऱ्यांचा लगाम वेगळा असतो आणि तो शाबूत राहतो. "इंजिन फुटेल" असे भय मी त्या मुलाला घातले असते, तर गॅरेजवाल्याने मला आठवड्याभरात खोटे पाडले असते आणि पुढे माझे खरे बोलणेही त्याने ऐकले नसते. भय घालून पाळायला लावलेली मर्यादा भय खोटे ठरताच मोडली जाते.

मग वेगाचा लगाम कुणासाठी? तो मुळी इंजिनासाठी नाहीच. जगातील उदाहरणे पाहा. जपानमधील कारखानदारांनी आपापसांत ठरवून देशात विकल्या जाणाऱ्या मोटारी ताशी १८० किलोमीटरवर रोखल्या. जर्मनीतील काही मोठ्या कारखानदारांनी १९८० च्या दशकात असाच २५० चा संकेत पाळावयास सुरुवात केली. स्वीडनच्या व्होल्व्होने २०२० मध्ये आपल्या नव्या मोटारींना १८० ची सीमा घातली. यांतील कितीतरी इंजिने याहून अधिक वेग देऊ शकतात. जपानच्या निसान जी.टी.आर. या मोटारीची गंमत अशी की, ती उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचा ठावठिकाणा ओळखते आणि मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानात असेल तरच १८० चा लगाम सोडू देते. बाहेर रस्त्यावर आली की लगाम पुन्हा लागतो. इंजिन तेच, टायर तेच, चालकही तोच. बदलली ती फक्त जागा. म्हणजे ही मर्यादा जागेची आहे, त्या जागेवर आणखी कोण आहे याची आहे.

एक उदाहरण याहूनही बोलके आहे. बुगाटी वेरॉन सुपर स्पोर्ट या मोटारीने जुलै २०१० च्या सुमारास जर्मनीतील एरा-लेसीन येथील चाचणीच्या रस्त्यावर दोन्ही दिशांची सरासरी धरून ताशी ४३१.०७२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. पण गिऱ्हाइकांना विकलेल्या गाड्या कारखान्याने ४१५ वर रोखल्या होत्या. कशासाठी? टायरसाठी. २०१३ साली यावरून वाद झाला. लगाम सोडून केलेला विक्रम हा विकत मिळणाऱ्या गाडीचा विक्रम कसा म्हणावा? गिनेस बुकाने विक्रम आधी रद्द केला. मग पुन्हा विचार करून, लगाम सोडल्याने गाडीची किंवा इंजिनाची मूळ रचना बदलत नाही, असे म्हणत तो परत मान्य केला.

माझ्या मते गिनेसचे म्हणणे बरोबर होते आणि कारखान्याचेही. गाडी तीच होती, पण टायरचे गणित पाहा. त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरा. ४१५ किलोमीटरला टायरच्या पृष्ठभागाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३,८७० पट होते. दहा ग्रॅम रबराचा तुकडा जागेवर राहण्यासाठी ३८-३९ किलो वजनाइतक्या बलाने धरून ठेवावा लागतो. ४३१ ला हे बल आठेक टक्क्यांनी आणखी वाढते. कसलेला चालक, मोकळा सरळ रस्ता, नवे तपासलेले टायर आणि काही मिनिटांची धाव, एवढे जमवून कारखान्याने ती जोखीम घेतली. गिऱ्हाइकाच्या गाडीचे टायर किती जुने असतील, त्यांत हवा किती असेल, रस्त्यावर खिळा असेल की नाही, हे कारखान्याला कसे कळणार? म्हणून तेथे लगाम.

आपल्या साध्या मोटारीच्या टायरवरही आकारापुढे एक अक्षर छापलेले असते. ते त्या टायरची वेगाची सीमा सांगते. इंग्रजी 'एस' असेल तर १८०, 'टी' असेल तर १९०, 'एच' असेल तर २१०. गॅरेजवाला संगणकातला आकडा बदलतो, टायरवरचे अक्षर बदलत नाही. उद्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीजवळ बसून हे अक्षर जरूर शोधा.

आता टेम्पो. आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली नियमांत बदल करून बहुतेक नव्या मालवाहू व प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा लगाम सक्तीचा केला. शाळेच्या बस, टँकर, डंपर यांच्यासाठी तो ६० चा ठेवला. ८० च का, १०० का नाही? गणित करू. ब्रेक लावल्यावर टेम्पोचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे धरा. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, असेही धरा.

८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. पहिल्या सेकंदात २२ मीटर गेले, नंतर ब्रेक लागून ४९ मीटर. एकूण ७१-७२ मीटरवर टेम्पो थांबला.

१०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. पहिल्या सेकंदात २८ मीटर, ब्रेक लागून ७७ मीटर. एकूण १०५ मीटर.

"तेहतीस मीटरचा तर फरक!" असे वाटेल. पण प्रश्न उलटा विचारा. ज्या जागी पहिला टेम्पो पूर्ण थांबला, त्या जागी दुसऱ्याचा वेग किती? वेगाच्या वर्गाचे सूत्र वापरा. उत्तर येते ताशी सुमारे ६५ किलोमीटर. रस्ता ओलांडणारी एखादी म्हातारी ७२ मीटरवर उभी असेल, तर पहिला टेम्पो तिच्यासमोर येऊन थांबतो आणि दुसरा तिला ६५ च्या वेगाने धडकतो. चालकाच्या हातून चूक दोन्ही वेळा सारखीच झाली. फरक फक्त संगणकातल्या एका आकड्याचा होता. हे गणित मी ज्या ज्या वर्गात फळ्यावर मांडले, तेथे या ६५ च्या आकड्यापाशी वर्ग शांत झालेला पाहिला आहे.

आणि मिळते काय? शंभर किलोमीटरचा रस्ता सबंध मोकळा मिळाला, एकदाही ब्रेक लावावा लागला नाही, तर ८० ने पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटे लागतात. १०० ने साठ. पंधरा मिनिटे. प्रत्यक्षात घाट, टोलनाका आणि वाहनांची गर्दी यांतून त्यांतली किती हाती लागतात, हे त्या दादालाच विचारावे.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पंधरा मिनिटे ज्याला क्षुल्लक वाटतात, त्याने पहाटेचा भाजीबाजार पाहिलेला नाही. गाडी उशिरा लागली तर भाव पडलेला असतो आणि त्याचा फटका ज्याने टोमॅटो पिकविले त्याला बसतो. दादाची घाई हा त्याचा उनाडपणा नव्हे. आणखी एक आक्षेप चालक घेतात, तोही खरा आहे. ७५ ने जाणाऱ्या ट्रकला ८० वर अडकलेला टेम्पो ओलांडू लागला, तर फरक ताशी ५ किलोमीटरचाच. चाळीस मीटर पुढे निघायला २९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात टेम्पो साडेसहाशे मीटर जातो. समोरून वाहने येत असतील तर हे भयंकर आहे. "लिमिटरमुळेच अपघात होतात" असे चालक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात हेच चित्र असते.

याला माझे उत्तर असे. हे गणित चालकाला शिकविले पाहिजे, म्हणजे असे ओलांडणे त्याने मुळात करू नये हे त्याला पटेल. ७५ ऐवजी ८० ने गेल्याने शंभर किलोमीटरमागे पाचच मिनिटे वाचतात. आणि बाजाराच्या घाईवर उपाय बाजारात आहे. माल भरण्याची वेळ, गाड्या लागण्याची व्यवस्था, शीतगृहे यांत तो शोधावा लागेल. शेतमालाच्या भावाची जोखीम रस्त्यावरच्या म्हातारीच्या अंगावर टाकून तो सुटत नाही.

येथे दोन लगामांतील खरा भेद दिसतो. फेऱ्यांचा लगाम काढला आणि इंजिन फुटले, तर बहुधा ज्याने काढला त्याचाच खिसा फाटतो. वेगाचा लगाम काढला, तर किंमत मोजणारा माणूस दुसराच असतो आणि त्याला कुणी विचारलेले नसते. म्हणून पहिल्या बाबतीत मी उदार आहे. स्वतःचे इंजिन, बंद आवार, जाणकार मार्गदर्शक आणि रॉड, बोल्ट, स्प्रिंग बदलून नव्याने केलेले गणित, एवढे असेल तर खुशाल प्रयोग करा. शर्यतीच्या मोटारी अशाच घडतात. दुसऱ्या बाबतीत, सार्वजनिक रस्त्यावर, मी अजिबात उदार नाही.

प्रयोगाची हौस भागविण्याच्या जागाही आहेत. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. खडबडीत जमिनीवर धावणारी गाडी विद्यार्थ्यांनीच बांधायची असते. तेथे इंजिन सर्वांना सारखे दिले जाई आणि त्याच्या गव्हर्नरशी खेळ करण्यास मनाई असे. मग सरशी कशाने होते? सांगाडा हलका करण्याने, गिअरचे गुणोत्तर नेमके निवडण्याने, स्प्रिंगा जुळविण्याने. लगाम कायम ठेवूनही बुद्धीला किती वाव उरतो, याचा हा धडा आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलाने असा प्रश्न विचारला तर मी केले तसे "बेकायदा आहे" म्हणून तो मिटवू नका. कायदा सांगाच, पण त्यामागचे सूत्र फळ्यावर मांडा. गतिज ऊर्जेचा पाठ शिकविताना घसरणाऱ्या ठोकळ्याऐवजी एकदा गावातला टेम्पो घ्या. आणि विद्यार्थ्यांनी कोणतीही मर्यादा दिसली की तीन प्रश्न विचारावेत. ही मर्यादा कोणत्या भागासाठी किंवा कोणत्या माणसासाठी आहे? ती ओलांडली तर भार किती पटीने वाढतो? आणि चूक झाली तर किंमत कोण मोजतो? तिन्ही उत्तरे हाती आल्यावर स्क्रूला हात लावायचा की नाही, हे बहुधा आपोआप कळते.

शेवटच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, तुला उत्तर द्यायला उशीर झाला. दादाला सांग, लिमिटर काढल्याने इंजिन बिघडणार नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. मग त्याला वहीतले ते दोन टेम्पो दाखव आणि विचार, ७२ मीटरवर आपली आई उभी असेल तर तो कोणता टेम्पो पसंत करील? त्याचे उत्तर मला पत्राने कळव.